लँगॉलेन कालव्यावरची सुट्टी: मैलांची नव्हे, तासांची आखणी

इंग्लंडच्या चेशर परगण्यातून निघून श्रॉपशरच्या कुरणांमधून वेल्सच्या डोंगरांत शिरणारा लँगॉलेन कालवा हा ब्रिटनमधल्या अतिशय देखण्या, आणि म्हणूनच अतिशय गजबजलेल्या कालव्यांपैकी एक. साधारण ४४ मैलांच्या या पाण्यावर नॅरोबोट भाड्याने घेऊन आठवडाभर राहता येतं. नॅरोबोट म्हणजे जेमतेम ७ फूट रुंद आणि ७० फुटांपर्यंत लांब बोट. तिच्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायच्या जागा असं सगळं घर मांडलेलं असतं, आणि भाड्याची बोट चालवायला कुठलाही परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी कंपनीचा माणूस सगळं समजावून देतो, थोडं अंतर बरोबर येतो आणि उतरून जातो. बर्मिंगहॅम, मँचेस्टर किंवा लंडनकडे राहणारं मराठी कुटुंब, त्यात उन्हाळ्यात पुण्या-नागपुराहून आलेले आईवडील आणि घरातली दोन मुलं, अशा तीन पिढ्यांना एकत्र राहायला याहून चांगली सुट्टी क्वचितच सापडेल. मात्र ती आखताना आपण सवयीने नकाशावरचे मैल पाहतो आणि ४४ मैल म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून मोकळे होतो. बेत बिघडतो तो इथेच. माझं म्हणणं असं, की कालव्यावरची सुट्टी तासांत मोजावी, आणि मोजलेल्या तासांतले निम्मेच वापरावेत. कुटुंबाला दिवसाला बोटीचं चार तासांचं चालणं पुरेसं आहे. बोट कुठून घ्यायची, केवढी घ्यायची, कधी जायचं हे बाकीचे सगळे निर्णय या चार तासांच्या मर्यादेतून आपोआप सुटत जातात.

आधी हिशेब पाहू. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. प्रत्यक्षात काठाला बांधलेल्या बोटींच्या शेजारून जाताना इंजिन अगदी मंद ठेवावं लागतं, मधे अरुंद पूल आणि वळणं येतात, त्यामुळे ताशी ३ मैल पडले तरी पुष्कळ. लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. अशा एका लॉकमधून पार पडायला १५ ते २० मिनिटं लागतात, म्हणजे एक लॉक हा एक मैलच धरायचा. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला ३ने भागायचं, उत्तर येईल तितके तास, ही कालव्यावरच्या लोकांची जुनी रीत. ती अख्ख्या कालव्याला लावा. चेशरच्या टोकाच्या हर्लस्टनपासून लँगॉलेनपर्यंत ४४ मैल आणि २१ लॉक, बेरीज ६५, म्हणजे जवळजवळ २२ तास. जाऊन यायचं तर ४४. आता आठवड्याचं भाडं भरलं तरी बोट बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या आसपास ताब्यात येते आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊला परत द्यावी लागते. हाताशी पूर्ण दिवस सहाच उरतात. रोजचे सात तासांहून जास्त झाले, आणि यात पाणी भरणं, रांगेत थांबणं, बाजारहाट, जेवण यांचा एक मिनिटही धरलेला नाही. हे सात तास गाडीत बसून काढायचेही नसतात. एकजण मागे उभा राहून टिलर, म्हणजे सुकाणूची दांडी, धरून असतो. दुसरा लॉकवर चढउतार करत असतो. आणि उरलेल्यांनी त्या दोघांच्या सोयीने खायचं, प्यायचं, थांबायचं. दोन तरण्या जोडप्यांना हे जमतं. सात वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजीला त्याची शिक्षा होते.

शिवाय लँगॉलेनला हा सर्वसाधारण हिशेबही पुरा पडत नाही, कारण इथलं पाणी वाहतं. इतर बहुतेक कालव्यांत पाणी जवळजवळ स्थिर असतं. इथे मात्र लँगॉलेनच्या वरच्या अंगाला डी नदीवर अभियंता थॉमस टेलफर्डने बांधलेला हॉर्सशू फॉल्स नावाचा बंधारा आहे. त्याने अडवलेलं पाणी कालव्यात वळवलं जातं आणि दुसऱ्या टोकाला हर्लस्टनच्या जलाशयात जाऊन चेशरच्या लोकांच्या नळाला येतं. रोज सुमारे पाच कोटी लिटर पाणी या वाटेने जातं. कालवा आज जिवंत आहे तोही याच पाण्यामुळे. १९४४मध्ये संसदेच्या कायद्याने इथली जलवाहतूक अधिकृतपणे बंद झाली होती; पाणी पोचवण्यासाठी हवा म्हणूनच हा कालवा बुजवला गेला नाही, आणि पुढे हौशी बोटवाल्यांनी त्याला पुन्हा जाग आणली. या इतिहासाचा आपल्या वेळापत्रकाशी थेट संबंध आहे. लँगॉलेनकडे जाणं म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध जाणं. मोकळ्या पात्रात हे फारसं जाणवत नाही, पण बोगद्यात, जलसेतूवर आणि खडकात कोरलेल्या अरुंद पट्ट्यात पाणी जोर धरतं आणि बोट रांगू लागते. अशा वेळी इंजिन वाढवून उपयोग नसतो. उथळ, चिंचोळ्या पात्रात जोर लावला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, मागे लाटा उठतात, काठ ढासळतो आणि वेग आहे तेवढाच राहतो. म्हणून वर जाताना हिशेबाच्या तासांत पाचवा हिस्सा तरी जास्तीचा धरावा.

बोट कुठून घ्यायची हा प्रश्न आता नीट मांडता येतो. या कालव्यावरच्या २१ लॉकपैकी १९ लॉक हर्लस्टन ते ग्रिंडली ब्रुक या पहिल्या साधारण १३ मैलांत आहेत. त्यानंतरच्या तीसेक मैलांत न्यू मार्टनचे २ लॉक तेवढे लागतात. म्हणजे एकाच नावाखाली इथे दोन वेगळे कालवे आहेत, एक मेहनतीचा आणि एक निवांत. रेनबरीहून निघालात तर लँगॉलेनपर्यंत सुमारे ३८ मैल आणि १२ लॉक होतात; जाऊन येऊन ३५ तासांच्या पुढे, म्हणजे आपल्या मर्यादेच्या बऱ्याच बाहेर. व्हिटचर्चहून, ग्रिंडली ब्रुकच्या, एकाला एक जोडलेल्या लॉकच्या जिन्याच्या वरच्या बाजूने निघालात तर ३० मैल आणि २ लॉक. प्रवाह धरून वर जायला १३ तास, परतीला ११. सहा दिवसांत रोजचे बरोबर चार. चर्क किंवा ट्रेवरहून निघालात तर लँगॉलेन एकाही लॉकशिवाय येतं आणि ट्रेवरहून तर ते दोन-अडीच तासांवर आहे. लहान मुलं आणि वडीलधारी माणसं असतील तर बोट चर्क किंवा ट्रेवरहून घ्यावी. मुलं बारा-तेरा वर्षांच्या पुढची असतील आणि हाताला काम मागत असतील तर व्हिटचर्च, किंवा लँगॉलेनचा हट्ट सोडून रेनबरी. कमी अंतराची जागा निवडताना आपण काही गमावतो असं वाटायचं कारण नाही, कारण २००९मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेला ११ मैलांचा पट्टा ग्लेडरिडच्या पुलापासून हॉर्सशू फॉल्सपर्यंतचा, म्हणजे नेमका याच निवांत टोकाचा आहे.

पश्चिमेच्या ठाण्यांवरून निघणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आधीच कागदावर मांडून ठेवावी. व्हिटचर्चहून निघालेल्याची परतीची वाट प्रवाहाबरोबर असते, त्यामुळे शेवटच्या दिवशी पाणीच त्याला हात देतं. ट्रेवरहून पूर्वेला उतरलेल्याचं याच्या उलट होतं. जाताना बोट झरझर जाते, तळ्याकाठचं एल्समेअर गाव अपेक्षेआधी येतं, अजून थोडं पुढे जाऊ असा मोह होतो, आणि परत येताना तेच अंतर प्रवाहाविरुद्ध कापायचं असतं, तेही सकाळी नऊची वेळ डोक्यावर घेऊन. म्हणून ट्रेवरहून निघाल्यावर आधी लँगॉलेन करावं, तिथे दोन रात्री राहावं, मग खाली उतरून पोंटकसल्टे आणि चर्कचे जलसेतू ओलांडत पंधरा-सोळा मैलांवरच्या एल्समेअरला जावं आणि परतीसाठी पूर्ण दोन दिवस हातात ठेवावेत. या सगळ्याची बेरीज सतरा-अठरा तासांची, म्हणजे रोजचे तीनच होतात. ज्याला चार-पाच रात्रीच मिळणार आहेत त्याने एल्समेअर सोडून द्यावं आणि चर्कपाशीच बोट वळवावी. वळवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, ६० फुटांची बोट हवी तिथे वळत नाही. त्यासाठी पात्र मुद्दाम रुंद करून ठेवलेल्या जागा असतात आणि त्या नकाशावर दाखवलेल्या असतात. वळण्याची जागा चुकली तर पुढची येईपर्यंत जावंच लागतं, म्हणून रोज सकाळी आपली बोट जिथे वळू शकेल अशी जागा आधी शोधून ठेवावी.

यावर साहजिक आक्षेप असा, की इतकं भाडं मोजायचं, इतक्या लांब यायचं आणि दिवसाला चारच तास चालायचं, तर पैसे वसूल कसे व्हायचे? आक्षेप रास्त आहे, कारण शाळांच्या सुट्टीच्या आठवड्यांत नॅरोबोटीचं भाडं खरोखरच चढं असतं. पण आपण भाडं कशाचं देतो ते पाहायला हवं. बोट बसपेक्षाच काय, सायकलीपेक्षाही हळू चालते. टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, चालणारा माणूस तिच्या बरोबरीने सहज जातो. केवळ ठिकाणं पाहायची असतील तर चर्क, लँगॉलेन आणि एल्समेअर गाडीने एका दिवसात होतात. भाडं आहे ते पाण्यावर घर थाटण्याचं: सकाळी खिडकीशी बदकं आलेली असताना चहा करण्याचं, वाटेत आवडलेल्या पुलाशी खुंट ठोकून तिथेच जेवण करण्याचं, मुलांनी टोपाथवरून पुढे पळत जाऊन आपली वाट पाहण्याचं. सात तासांच्या दिवसात यातलं एकही होत नाही, कारण थांबलं की उशीर होतो. वसुली करायला निघालेला माणूस ज्याचे पैसे दिले तीच गोष्ट टाकून देतो. आणि बोटीचं इंजिन बंद असलेला वेळ वाया जात नाही याची साक्ष वाटेतली ठिकाणंच देतात. चर्कच्या किल्ल्याला अर्धा दिवस लागतो, एल्समेअरच्या तळ्याकाठी दुपार जाते, लँगॉलेनहून जुन्या वाफेच्या गाडीची फेरी आहे, आणि हॉर्सशू फॉल्सकडे जाणारा शेवटचा दोन मैलांचा पट्टा इंजिनाच्या बोटींना बंद असल्याने तिथे घोड्याने ओढलेल्या नावेतून किंवा पायी जायचं असतं.

मुलं कंटाळतील, ही दुसरी शंका. नुसतं बसवून ठेवलं तर कंटाळतीलच. त्यावरचा उपाय लॉक हाच आहे, म्हणून त्याचं काम जरा जवळून पाहू. वर जायचं असेल तर रिकामं लॉक उघडं असतं आणि बोट त्या ओल्या, शेवाळलेल्या भिंतींमध्ये दोन्ही बाजूंना हातभर जागाही न सोडता शिरते. मागचे दरवाजे बंद करायचे. प्रत्येक दरवाजाला जाड लाकडी तुळई असते. तिला पाठ लावून, जमिनीत बसवलेल्या उभ्या विटांवर टाचा रोवून रेटायचं. मग विंडलास नावाचं हँडल दात्याच्या खुंटीवर चढवून वरच्या झडपा आधी अर्ध्याच उचलायच्या, पाणी शांतपणे आत येऊ द्यायचं, बोट चढू लागली की पुऱ्या उचलायच्या. दोन्ही बाजूंचं पाणी समपातळीला आलं की वरचा दरवाजा एका माणसाने रेटला तरी हलतो. एक बोटभर फरक असेल तोवर चार जणांनी रेटूनही हलत नाही. दहा वर्षांच्या मुलाला दाबाचा हा धडा आपल्या पाठीवर समजतो आणि पुढच्या लॉकला तो मोठ्यांना सूचना देऊ लागतो. विंडलास खुंटीवर तसाच ठेवून कुणी दूर जायचं नाही, कारण खीळ सुटली तर तो गरगर फिरून हात मोडू शकतो. झडप उचलणं मोठ्यांकडे, दरवाजा रेटणं मुलांकडे, ही वाटणी बरी. दिवसाला दोन-तीन लॉक असतील तर हा खेळ राहतो. दहा झाले की मुलं आत जाऊन बसतात आणि सगळं काम दोघांवर पडतं.

खाली उतरताना एक धोका खरा आहे आणि तो घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. लॉकच्या वरच्या दरवाजाच्या पायाशी दगडी उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो. पाणी उतरू लागलं की उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट अडकून पाणी घेऊ शकते. भिंतीवर पांढऱ्या रेघेने ही हद्द दाखवलेली असते आणि सुकाणूवाल्याने बोट सतत त्या रेघेच्या पुढे ठेवायची. अडकलीच, तर खालच्या झडपा लगेच पाडायच्या आणि मगच वरून पाणी घ्यायचं. झडपांपाशी उभ्या असलेल्या माणसाने म्हणून गप्पा मारू नयेत, बोटीवर नजर ठेवावी. याशिवायचे नियम थोडे आहेत, पण त्यांना सूट नाही. बोट पंधरा टनांच्या आसपास असते. ती काठावर आपटणार असं दिसलं तरी हात किंवा पाय मधे घालून थोपवू नये, आपटू द्यावी, ती त्यासाठीच पोलादाची केलेली असते. टिलरच्या फिरण्याच्या टप्प्यात कुणी उभं राहू नये. छपरावर बसलेलं मूल पूल आला की आडवं झालंच पाहिजे, म्हणून लहानांना छपरावर बसूच न देणं उत्तम.

ज्यांच्या घरात कुणालाच पोहता येत नाही त्यांची भीती मी कमी लेखणार नाही. तरीही कालव्याची खोली बहुतेक ठिकाणी तीन-चार फुटांची असते आणि मोठा माणूस पडला तर उभा राहू शकतो. लॉकमध्ये पाणी खोल असतं आणि खरी काळजी तिथेच घ्यायची. मुलांना बोटीच्या बाहेरच्या भागात असताना आणि लॉकवर असताना लाइफजॅकेट सक्तीचं करावं; कंपन्या ते देतात, पण आरक्षण करताना मुलांची वजनं कळवली तर योग्य मापाचं मिळतं. कुणी पाण्यात पडलंच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रलला आणणं, कारण जीव जातो तो पंख्याने. बोट मागे घ्यायला जाऊ नये आणि वाचवायला उडी मारू नये. आणखी एक गोष्ट मुंबई-कोकणातल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो इथल्या पाण्यातूनही होऊ शकतो. ब्रिटनमध्ये तो दुर्मीळ आहे, पण दोर आणि दरवाजे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये, जखमेवर पट्टी असावी, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचा उल्लेख जरूर करावा.

बोट निवडताना जाहिरातीतला झोपायच्या जागांचा आकडा फसवा ठरतो. सहा ते आठ जणांची बोट याचा अर्थ बहुधा असा, की जेवणाचं टेबल रोज रात्री खाली उतरवून त्याचा पलंग करायचा आणि सकाळी पुन्हा टेबल. जो माणूस तिथे झोपतो त्याला सगळ्यांच्या नंतर झोपावं लागतं आणि सगळ्यांच्या आधी उठावं लागतं. चौघांनी सहा जणांची आणि सहांनी आठ जणांची बोट घ्यावी, हा खर्च बाकी कशातही काटकसर करून उचलण्यासारखा आहे. आत चालायची वाट इतकी अरुंद असते, की समोरून कुणी आलं तर एकाला अंग चोरावं लागतं. आजी-आजोबांना कायमचा पलंग आणि तोही शौचालयाच्या जवळचा द्यावा, रात्री कुणाला ओलांडावं लागू नये. गुडघ्यांचा प्रश्न चालण्यापेक्षा चढण्या-उतरण्यात जास्त येतो: काठावरून बोटीवर पाऊल टाकताना आणि मागच्या दारातून तीन-चार उंच पायऱ्या उतरताना. पुढच्या बाजूला बैठकीची जागा असलेली बोट घेतली तर त्यांना तिथून आत-बाहेर करणं सोपं जातं आणि दिवसभर बसायला इंजिनाच्या आवाजापासून दूर, बोटीवरची सर्वांत चांगली जागा मिळते. मागचा भाग दोन्ही बाजूंना भिंतीसारखा बंद असलेली रचना मिळाली तर मुलांच्या दृष्टीने तीच निवडावी. शौचालयाची टाकी मर्यादित असते. कमोडमध्ये मगाने पाणी ओतण्याची आपली सवय ती झपाट्याने भरते. हे वडीलधाऱ्यांना आधीच, संकोच न ठेवता सांगावं आणि टाकी आठवडाभर पुरते की मधे रिकामी करावी लागते ते कंपनीला विचारावं.

स्वयंपाकाला गॅसची शेगडी, ओव्हन आणि फ्रीज असतो, तेव्हा घरचा कुकर खुशाल न्यावा. मिक्सरचा भरवसा धरू नये, वीज बॅटरीवर चालते. वाटण, भाजणी, मेतकूट, मसाले घरूनच तयार न्यावेत. एल्समेअरला कालव्याच्या फाट्याच्या टोकाशीच मोठं सुपरमार्केट आहे, पण आपल्या डाळी आणि कोथिंबीर वाटेत मिळतीलच असं नाही. पाण्याची टाकी रोज किंवा दिवसाआड भरावी. तिला अर्धा तास सहज लागतो. चार तासांच्या हिशेबात तो धरलेला असावा.

आता वाटेतले अरुंद भाग. चर्कचा १८०१चा जलसेतू, त्याला लागूनच ४२१ मीटरचा बोगदा, पुढे व्हाइटहाउसेसचा बोगदा, मग १८०५मध्ये टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी पुरा केलेला पोंटकसल्टेचा जलसेतू, आणि ट्रेवर ते लँगॉलेनमधले खडकात कोरलेले पट्टे. या सगळ्यांतून एका वेळी एकच बोट जाते. समोरून कुणी निघालेलं असेल तर थांबायचं. बोगद्यात आधी पलीकडचा दिवा दिसतो का ते पाहायचं. खडकाळ पट्ट्यात घरातल्या एकाने फोन घेऊन पुढे चालत जायचं आणि वाट मोकळी असल्याचं कळवायचं. पोंटकसल्टेवर ३०७ मीटर लांबीच्या बिडाच्या पन्हळीतून बोट डी नदीच्या ३८ मीटर वरून जाते. एका बाजूला टोपाथ आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीचा काठ पाण्यावर वीतभर दिसतो, त्याच्यापलीकडे कठडा नाही, आणि बोटीवर उभ्या माणसाला खाली थेट नदी दिसते. तेवढी दहा-पंधरा मिनिटं लहान मुलांनी आत खिडकीशी किंवा पुढच्या बैठकीत मोठ्यांच्या हाताशी बसावं. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी टोपाथवरून चालावं. दुपारच्या आत दोन्ही बाजूंनी बोटी येऊन इथे आणि पुढच्या पट्ट्यात खोळंबा होतो. सकाळी लवकर निघालं तर वाट मोकळी मिळते, आणि रोज चारच तास चालायचे असल्याने लवकर निघून दुपारी बोट बांधणं जमतंही.

कधी जायचं याचं उत्तर कुटुंब कुठलं यावर आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना जूनचा पहिला पंधरवडा सोन्यासारखा आहे. मे अखेरची तिथली आठवड्याची सुट्टी संपून ब्रिटिश मुलं शाळेत परतलेली असतात, आपल्याकडच्या बहुतेक शाळा उघडायच्या असतात, आणि उजेड रात्री साडेनऊपर्यंत राहतो. भाड्याच्या बोटी अंधारात चालवू देत नाहीत, त्यामुळे हा उजेड कामाचा आहे. तिथेच राहणाऱ्यांना मुलांच्या सुट्टीतच जावं लागतं. त्यांनी शनिवारी सुरू होणारी बोट टाळून सोमवार ते शुक्रवारची घ्यावी, म्हणजे एकाच दिवशी निघालेल्या तांड्यात सापडायला होत नाही. जुलैच्या सुरुवातीला लँगॉलेनला १९४७पासून भरणारा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव असतो. कान देण्यासारखा सोहळा आहे, १९५५मध्ये ऑपेरागायक पावारोत्ती तरुणपणी वडिलांबरोबर गायकवृंदातून इथे येऊन जिंकून गेला होता. पण त्या आठवड्यात बोट बांधायला जागा मिळेल या भरवशावर राहू नये. पाऊस कुठल्याही महिन्यात येतो आणि टिलरवाला उघड्यावरच उभा असतो. चांगला रेनकोट, पायाला घट्ट बसणारे बूट, आणि पावसाचा जोर वाढला तर त्या दिवशी न चालण्याची मुभा हवी. ही मुभा ज्याने वेळापत्रकात शिल्लक ठेवली त्यालाच असते.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, की मग ट्रेवरहून दिवसभराची छोटी बोट घेऊन जलसेतू पाहून परत का येऊ नये? ज्यांचं मूल अगदी तान्हं आहे, ज्यांच्या आईवडिलांना पायऱ्या अजिबात झेपत नाहीत किंवा ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी खरोखर तेच करावं आणि रात्रीला लँगॉलेनच्या एखाद्या हॉटेलात राहावं. बाकीच्यांना दिवसभराच्या बोटीत पुन्हा घड्याळाकडेच पाहावं लागतं, म्हणून मी तिची शिफारस करणार नाही.

आरक्षणाआधी आणि निघण्याच्या आठवड्यात कालव्याची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर मार्ग बंद असल्याच्या सूचना जरूर पाहाव्यात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात हे अपेक्षितच असतं, पण कालवा म्हणजे शेवटी मातीच्या बांधांवर तोललेलं पाणी. सप्टेंबर १९४५मध्ये लँगॉलेनजवळ सन बँकपाशी बांध फुटला, शेजारच्या रेल्वेमार्गाखालची जमीन वाहून गेली आणि टपालगाडी कोसळून चालकाचा जीव गेला. मधला तुकडा बंद झाला तर आपली बोट कुठल्या बाजूला अडकेल, कंपनी दुसऱ्या ठाण्यावरून बोट देते का, पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारून घ्यावं. डिझेल भाड्यात धरलेलं आहे की वापराप्रमाणे शेवटी कापतात, अनामत किती, पाळीव कुत्रा चालतो का, हेही त्याच पत्रात. आणि शेवटची रात्र ठाण्यापासून तासाभराच्या आत काढावी: संध्याकाळी भांडी घासून, अंथरुणं गुंडाळून, बॅगा भरून ठेवल्या की सकाळी सातला निघून नऊला बोट सोपवता येते.